पाच मिनिटांच्या गंडम फिती: गोष्ट की जाहिरात?

पेठेतला_झाकू (धागाकर्ता)

हा धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. मागच्या रविवारी माळा आवरताना जुन्या रेड फ्रेमचं (गंडममधला एक रोबोट) किट हाती लागलं. एक हात खांद्यातून निखळलेला, तलवार मात्र शाबूत. हात बसवता बसवता ज्या फितीमुळे ते किट घेतलं होतं ती पुन्हा लावली. हात बसायच्या आधी फीत संपली!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: गंडम म्हणजे अवकाशयुद्धात लढणाऱ्या महाकाय रोबोटांच्या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांचं घराणं. त्यातली 'गंडम सीड' ही मालिका जपानमध्ये ऑक्टोबर २००२ ते सप्टेंबर २००३ चालली, ५० भाग. तिच्या कडेकडेनं 'अ‍ॅस्ट्रे' नावाची दुसरीच गोष्ट चालू होती, पण टीव्हीवर नाही. चित्रकथा 'गंडम एस' मासिकात, कादंबरी 'द स्नीकर'मध्ये, आणि मॉडेलच्या फोटोंवर रचलेला आणखी एक पदर 'देंगेकी हॉबी'त. नायक लो ग्यूल हा चक्क भंगारवाला. लढाया संपल्या की अवकाशात तरंगणारे तुकडे गोळा करायचे आणि विकायचे, हा त्याचा धंदा. त्याला रेड फ्रेम मिळते आणि गाई मुराकुमो या भाडोत्री सैनिकाला ब्ल्यू फ्रेम. २००४ मध्ये या दोन यंत्रांच्या एकेक अशा दोन फिती निघाल्या, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांच्या. हेतू सरळ होता, किटं खपवणे.

आपल्याकडे (म्हणजे आमच्या चार जणांच्या ग्रुपवर) अशा फितींची चर्चा निघाली की "सोड रे, जाहिरात आहे ती" म्हणून विषय बंद होतो. मला ते पटत नाही. मूळ मालिका तरी दुसरं काय होती? १९७९ ची पहिली गंडम क्लोव्हर नावाच्या खेळणी कंपनीच्या पैशावर उभी राहिली. खेळणी खपेनात, प्रेक्षक मिळेनात, म्हणून ५२ भागांची मालिका ४३ वर आटोपली. मधेच जी-आर्मर नावाचं एक धूड गोष्टीत घुसवलं, कारण दुकानात मांडायला काहीतरी हवं होतं. पुढे सिनेमे केले तेव्हा दिग्दर्शक तोमिनोंनी ते धूड काढून टाकलं. मग जुलै १९८० मध्ये बांदाईचं ३०० येनचं प्लास्टिक किट आलं आणि सगळं चित्रच फिरलं. म्हणजे जाहिरात ही या घराण्याची कुलदेवताच. तिला शिवू नका म्हणून कसं चालेल?

तुम्ही पाहिलेल्या, आवडलेल्या, डोक्यात गेलेल्या अशा छोट्या फिती सांगा.

तिरपागडा

नावातच गंडणं आहे राव. गंडम म्हणजे गंडवणं.

तुझा मुद्दा कळला, पण तो उलटाही फिरतो ना. मालिका जाहिरात म्हणून सुरू झाली, मान्य. पण ४३ भागांत तिनं माणसं उभी केली, युद्ध काय असतं ते दाखवलं. पाच मिनिटांत काय होणार? रोबोट येणार, पोझ घेणार, तलवार चमकणार, खाली किंमत. साबणाच्या जाहिरातीतली बाई पण हसते छान, म्हणून तिच्यावर धागा काढायचा का?

निपरवाली

तिरपागडा, साबणाच्या बाईवर तू आधीच दोन धागे काढलेस, मला आठवतंय :)

झाकूभाऊ, तुम्ही एक पायरी गाळली. फिती नव्हत्या तेव्हाही हा प्रकार होता. १९८३ मध्ये बांदाईनं 'एमएसव्ही' म्हणजे मोबाइल सूट व्हेरिएशन ही किटांची मालिका काढली. मूळ मालिकेतले रोबोट रेखाटणाऱ्या ओकावारांची डिझाइन्स, आणि मालिकेत कुठेही न दिसलेली यंत्रं. जॉनी रायडनचा लाल झाकू (झाकू म्हणजे शत्रुपक्षाचा नेहमीचा रोबोट), शिन मात्सुनागाचा पांढरा झाकू. पडद्यावर एक सेकंद नाही. गोष्ट कुठे? खोक्यावर आणि आतल्या जोडणीच्या कागदावर! चार ओळी: हा वैमानिक कोण, कुठल्या तुकडीत, रंग असा का. पोरांनी त्या चार ओळींवर आख्खं युद्ध रचलं आणि ती माणसं आज चाळीस वर्षांनंतरही जिवंत आहेत.

मी किट उघडलं की आधी तो कागद वाचते, रनरला (सुटे भाग जिला चिकटलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) हात नंतर. नवरा म्हणतो लग्नपत्रिकासुद्धा एवढी मन लावून वाचली नव्हतीस.

'सीड'वाल्यांनी हेच केलं, फक्त कागदाच्या जोडीला पाच मिनिटांची हलती चित्रं दिली. त्यामुळे अ‍ॅस्ट्रेच्या फितीकडे सिनेमा म्हणून बघू नका, जोडणीच्या कागदासारखं बघा. मग ती कमी वाटत नाही.

योकोहामाकर

छान धागा. रेड फ्रेमच्या तलवारीचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. पुण्यात जपानी शिकताना आमच्या सेन्सेई आम्हाला नेहमी बजावायच्या, कांजी (जपानी चित्राक्षरं) सुटी सुटी भाषांतरित करू नका, हसं होईल. तर या तलवारीचं नाव 'गर्बेरा स्ट्रेट'. जपानमध्ये 'कीकु-इचीमोंजी' हे जुन्या नामांकित तलवारींचं नाव. कीकु म्हणजे शेवंती. इचीमोंजी म्हणजे 'एक' हे अक्षर, जे जपानीत नुसती आडवी सरळ रेघ असते. आता या नावाचं मुद्दाम वेडंवाकडं इंग्रजी करा: शेवंतीच्या जागी तिच्याच कुळातलं जरबेरा, आणि सरळ रेघेचं 'स्ट्रेट'. झाली गर्बेरा स्ट्रेट!

म्हणजे लग्नाच्या स्टेजवर कमानीला लावतात ते जरबेरा, आणि अठरा मीटरच्या रोबोटच्या हातातली तलवार. किट विकायला एवढा वाह्यातपणा करायची गरज नव्हती. पण केला. मला ही माणसं आवडतात ती याच्यामुळे.

खडूस_खारूताई

+१ योकोहामाकर. शेवंतीचं जरबेरा केल्याबद्दल दंडवत __/\__

भाऊसाहेब_नाना

मंडळी, आमच्या पिढीचा प्रतिसाद चालेल का? आम्ही दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' पाहिला, तो पोरगा मनगटातल्या घड्याळात बोलायचा तो. पाठोपाठ ही-मॅन. त्या ही-मॅनची खेळणी आधी आणि कार्टून नंतर, हे कळलं तेव्हा माझी मुलं शाळेत जायला लागली होती. फसवल्यासारखं वाटलं खरं. पण तोपर्यंत गल्लीत खराट्याच्या दांड्याच्या इतक्या तलवारी होऊन गेल्या होत्या की आता काय परत मागणार?

खेळणं एकही घेतलं नव्हतं, तेवढे पैसे कोणाकडे होते. म्हणजे जाहिरात आमच्यावर पूर्ण फुकट गेली आणि गोष्ट तेवढी आमच्याकडे राहिली. तिरपागडा, याचं काय करायचं?

तिरपागडा

नाना, हा बॉल खेळता आला नाही. सोडून दिला.

पेठेतला_झाकू

नाना, क्या बात! तुमच्या या मुद्द्यावरूनच मला जे लिहायचं होतं त्याकडे येतो. प्रतिसाद लांबेल, आधीच माफी.

तोक्योजवळ चिबा प्रांतात मात्सुदो म्हणून गाव आहे. तिथे २००३ ते २००६ बांदाई म्युझियम होतं. स्वतःच्या खेळण्यांचं म्युझियम, गंडमचा छातीपर्यंतचा खऱ्या मापाचा पुतळा वगैरे. तिथे येणाऱ्यांना दाखवायला म्हणून २००४ मध्ये 'एमएस इग्लू' या गंडम मालिकेचे पहिले तीन भाग केले. आधी फक्त तिथेच दिसायचे. पूर्ण संगणकावर केलेलं अ‍ॅनिमेशन, दिग्दर्शक इमानिशी ताकाशी. आता विचार करा, खेळणी कंपनीच्या स्वतःच्या वास्तूत, तिकीट काढून आलेल्या पोराबाळांसमोर तुम्ही काय दाखवाल? सगळ्यात भारी रोबोट, सगळ्यात मोठा विजय. बरोबर?

यांनी दाखवली ६०३ क्रमांकाची चाचणी तुकडी. हरणाऱ्या बाजूची, म्हणजे झिऑनची. तिचं काम असं की प्रयोगशाळेतून आलेली नवी शस्त्रं प्रत्यक्ष लढाईत वापरून बघायची आणि अहवाल लिहायचा. आणि एकेक शस्त्र असं की बघवत नाही. पहिल्या भागात एक प्रचंड तोफ, जिला नेम धरायला लागणारी माहितीच कोणी पाठवत नाही, कारण मुख्य हल्ला दुसरीकडे आहे आणि ही नुसती हूल. दुसऱ्यात एक महाकाय रणगाडा, ज्याचा जमाना उलटून गेलाय. तिसऱ्यात झुडा नावाचा रोबोट.

झुडाबद्दल थोडं जास्त लिहितो. कधीकाळी झाकू आणि झुडा यांच्यात निवड झाली होती. झुडा वेगानं सरस, पण पूर्ण जोर लावला की इंजिन आवरेना आणि यंत्र हवेत विस्कटून जाई. झाकूची निवड झाली, झुडा बाद. वर्षांनंतर हरायला लागलेलं झिऑन तोच बाद झुडा बाहेर काढतं आणि 'आमचं नवंकोरं यंत्र' म्हणून प्रचारफीत प्रसारित करतं. चाचणीचा वैमानिक दुवाल हा जुना झुडावाला, त्याला वाटतं अखेर न्याय मिळाला. मग शत्रूच अख्ख्या जगाला सांगून टाकतो की हे नवीन नाही, नाकारलेला जुना माल आहे, रंग दिलाय फक्त.

लक्षात येतंय का? खेळणी कंपनीच्या म्युझियममध्ये दाखवायची फीत, आणि तिच्यात गोष्ट कशाची, तर सदोष मालाच्या खोट्या जाहिरातीची!

शेवट सांगू का नको? वीस वर्षं झाली, सांगतो. पृथ्वीवरून पळून वर येणारी आपली माणसं वाचवायला झुडा उतरतात. दुवाल शत्रूच्या जीएम रोबोटांना मागे लावून घेतो आणि जोर वाढवत जातो. पाठलाग करणारे जीएम तो वेग सोसू न शकल्यानं फुटतात, आणि मग झुडाही. मागे राहतो तो तंत्र अधिकारी ऑलिव्हर माय, ज्याला अहवाल लिहायचा असतो.

हे पाच मिनिटांत झालं नसतं हे मान्य, इग्लूचे भाग अर्ध्या तासाच्या जवळ जातात. पण 'जाहिरातीच्या पोटी जन्मलं' एवढ्यावरून आत काय असेल हे ठरत नाही, इतकंच मला म्हणायचं होतं.

निपरवाली

हे मी लेख म्हणून वाचलं. वेगळा टाका.

मुळा_मुठा_मेका

उत्तम प्रतिसाद, पण झाकूभाऊ निवडक गोष्टी दाखवताय. याच घराण्यात निव्वळ माल खपवणाऱ्या फिती पोत्यानं आहेत. 'बिल्ड' पंथाच्या (किटं जोडून लढवण्याच्या गोष्टी) मधल्या काळातल्या बॅटलॉगी, म्हणजे लढायांच्या छोट्या फिती आठवा. हा किट विरुद्ध तो किट, दोघेही दुकानात उपलब्ध, लढाई कोणीच नीट जिंकत नाही कारण दोन्ही विकायची आहेत. मी २०१७ ची पाहिली आणि २०२१ ची पण. दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं कोण कोणाशी लढलं.

तरी 'बिल्ड'ची सुरुवात मला आवडते. २०१० मध्ये गनप्लाला (गंडमच्या प्लास्टिक किटांना) ३० वर्षं झाली म्हणून 'गनप्ला बिल्डर्स बिगिनिंग जी' या नावानं तीन भागांची छोटी फीत काढली. एक पोरगा, त्याचं पहिलं किट, आणि तू जसं जोडशील तसं तुझं यंत्र लढेल अशी यंत्रणा. कोणाला काही अपेक्षा नव्हती. त्या बीजातून २०१३ मध्ये 'बिल्ड फायटर्स' ही पूर्ण मालिका आली. तिथे युद्ध नाही, कोणी मरत नाही, दुकानदाराच्या पोराची किटं मोडतात तेवढीच. मोडलेलं किट बघून पोरगा रडतो तेव्हा आपल्याला हसू येत नाही, कारण आपलंही कधीतरी मोडलेलं असतं.

तेव्हा तक्रार जाहिरातीबद्दल नाही, आळसाबद्दल आहे.

तिरपागडा

शेवटच्या वाक्याला माझी सही.

अरबी_समुद्र

स्टारगेझरचं नाव अजून कोणी कसं नाही घेतलं? २००६, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे तीन भाग, तेही टीव्हीवर नाही तर नेटवर. 'सीड'च्या पुढच्या 'सीड डेस्टिनी' मालिकेच्या काळातलीच गोष्ट, पण तिकडचे नायक इकडे फिरकतसुद्धा नाहीत. एकीकडे स्टारगेझर, अवकाश संशोधनासाठी बनवलेलं यंत्र. दुसरीकडे स्ट्राइक नॉयर, काळंकुट्ट, मारण्यासाठीच बनवलेलं. दोन्हींची किटं आली हे सांगायला नको.

मला लक्षात राहिलाय तो नॉयरचा वैमानिक स्वेन. सगळे भाग मिळून तो दहा-बारा वाक्यं बोलत असेल. पण मधेच काही क्षण त्याचं लहानपण दाखवतात: ताऱ्यांचं वेड असलेला मुलगा. मग त्याच मुलाला रांगेत बसवून द्वेष शिकवतात. पुढे तो मोठा होतो आणि ताऱ्यांकडे जाण्यासाठी बनवलेलं यंत्रच पाडायला निघतो. यावर कोणी भाष्य करत नाही, संगीत वाढवून रडायला लावत नाही. पन्नास भाग हाताशी असते तर याच्यावर सहा भाग नुसते आठवणींचे केले असते, पुन्हा पुन्हा तेच. पंधरा मिनिटांत ते करता येत नाही म्हणून वाचलं.

योकोहामाकर

अरबी_समुद्र, अगदी. त्याच जातीचं अलीकडचं उदाहरण म्हणजे 'विच फ्रॉम मर्क्युरी' या गंडम मालिकेचा प्रोलॉग, म्हणजे मालिकेआधीची गोष्ट. मालिका ऑक्टोबर २०२२ ला येणार होती, त्याआधी जुलैत आमच्या इथल्या, म्हणजे योकोहामातल्या गंडम फॅक्टरी या प्रदर्शनात तो दाखवायला सुरुवात झाली. बाहेर अठरा मीटरचा हलणारा गंडम (मार्च २०२४ ला तो बंद झाला, आता ती जागा बघवत नाही), आणि आत हे. मालिकेची जाहिरातच ती. चार वर्षांच्या मुलीचा वाढदिवस. केक तयार आहे, आणि हल्ला होतो. ती आईच्या मांडीवर बसून गंडममध्ये आहे, काय चाललंय तिला कळत नाही. तिच्या हातून शत्रूची यंत्रं फुटतात, आणि ती म्हणते, मेणबत्त्यांसारखं दिसतंय, किती छान.

मी हे बघितलं तेव्हा शेजारच्या रांगेत एक बाबा मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तिचे डोळे झाकले नाहीत, पण हात वर येऊन तसाच थांबला.

भाऊसाहेब_नाना

हे वाचून चहा गार झाला.

खडूस_खारूताई

थोडं हलकं घ्या मंडळी. अवांतर: गंडमवाले नाहीत, पण 'पॅटलेबर' या दुसऱ्या रोबोट मालिकेच्या 'मिनीपातो' या तीन फिती कोणी पाहिल्यात का? २००२ मध्ये तिसऱ्या सिनेमाबरोबर दाखवल्या. लिहिल्यात ओशी मामोरूंनी, दिग्दर्शन कामियामा केंजींचं. काडीला चिकटवलेल्या कागदी बाहुल्यांसारखी पात्रं, आणि ती स्वतःच्याच मालिकेची सालटी काढतात. रोबोटला पिस्तुल कशाला हवं, त्याचं तांत्रिक व्याख्यान. सिनेमा बघायला आलेल्या माणसाला आधीच सांगायचं की हा सगळा प्रकार किती बिनबुडाचा आहे! आपल्याकडे तमाशात गवळणीत मावशी कृष्णालाच टोमणे मारते ना, तसं. देवाची टर उडवून मग पुढे देवाचंच आख्यान.

मुळा_मुठा_मेका

मावशीची उपमा खास :)

निपरवाली

रच्याकने, एवढं सगळं बघून किट घ्यावंसं वाटलं की आपल्याकडे काय होतं तेही नोंदवून ठेवते. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या बजेटात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७०. मी बाहेरून मागवलेलं एक खोकं तीन आठवडे कुठेतरी पडून होतं. शेवटी आलं तेव्हा खोक्याचा कोपरा चेपलेला, आणि कुरिअरवाल्यानं शुल्काचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हटलं, दादा, आत रोबोट बसून आलाय का? तो म्हणाला, ताई, मला काय माहीत, तुमचं तुम्ही बघा.

म्हणजे जपानी लोकांसाठी ती फीत जाहिरात असेल. माझ्यासाठी वर्षातले अकरा महिने नुसती फीतच असते, किट बाराव्या महिन्यात.

अरबी_समुद्र

नानांचा खराटा तो हाच.

तिरपागडा

आलो परत. काल रात्री इग्लूचा तिसरा भाग बघितला. धागाकर्त्याच्या नावानं बोटं मोडायची म्हणूनच बघितला. भाचा सुट्टीला आलाय, नऊ वर्षांचा, तो शेजारी येऊन बसला. मी म्हटलं हे तुला कळायचं नाही. शेवटी झुडा फुटल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, त्यांना माहिती होतं ना खराब आहे? मग दुरुस्त का नाही केलं?"

मी म्हटलं, वेळ नव्हता, युद्ध होतं. तो म्हणाला, "पण जाहिरात करायला वेळ होता."

आता सकाळपासून माझ्या मागे लागलाय. तर एकच विचारतो, आणि कोणी हसायचं नाही. झुडाचं किट निघालंय का?

पेठेतला_झाकू

निघालंय. हायग्रेड, १/१४४.

तिरपागडा

फुटतं का?

निपरवाली

नाही. रनरवरून काढताना बारके भाग तेवढे तुटतात. आधी गेट (भाग रनरला जोडणारं टोक) लांबून कापा, मग उरलेलं टोक हळूहळू. भाच्याच्या हातात निपर (कापायची पक्कड) देणार असाल तर पहिले दोन भाग तुम्ही कापून दाखवा. आणि ऐका, तो कागद फेकू नका.